एका सुराचा निसर्ग : चित्रकार जॉर्ज इनेस

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने चित्रकलेवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. जमाखर्च, ताळेबंद आणि घसारा यांच्या पलीकडे आम्हांला काही दिसत नाही, असा कला शाखेतील मित्रांचा समज आहे आणि तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. चित्रकलेचे शास्त्रोक्त ज्ञान मला नाही. शाळेत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलो होतो, एवढीच माझी पुंजी. पण गेल्या पावसाळ्यात ग्रंथालयात एक जुना चित्रसंग्रह चाळत असताना समोरासमोरच्या पानांवर दोन चित्रे दिसली आणि मी थांबलो.

डाव्या पानावर एक खोरे होते. खोऱ्यातून धूर सोडीत येणारी आगगाडी, मागे गावाची वस्ती, रेल्वेची गोल इमारत, पुढे तोडलेल्या झाडांचे खुंट आणि गवतात निवांत टेकलेला एक मुलगा. सारे कसे स्वच्छ आणि मोजून मांडलेले. उजव्या पानावर एक दलदल होती. संध्याकाळचा तांबूस उजेड झाडांच्या बुंध्यांमधून झिरपत होता, पाणी आणि आकाश यांतली सीमारेषा पुसली गेली होती आणि त्या अंधूक प्रकाशात एक बगळा उभा होता. बगळा आहे हेसुद्धा दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळले. दोन्ही चित्रांखाली एकच नाव होते : जॉर्ज इनेस. प्रथम मला ही छपाईची चूक वाटली. एकाच माणसाच्या हातून इतकी निराळी चित्रे कशी उतरतील? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता या चित्रकाराचे चरित्र मी वाचले. ते आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे थोडक्यात मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

* * *

जॉर्ज इनेसचा जन्म 1 मे 1825 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठच्या न्यूबर्ग या गावी झाला. तेरा भावंडांतला तो पाचवा. तो लहान असतानाच कुटुंब न्यू जर्सीतील न्यूआर्क येथे राहावयास गेले. वडील व्यवहारी आणि कर्तबगार गृहस्थ होते. किराण्याच्या व्यापारात त्यांनी पैसा मिळवला होता. मुलगा मात्र प्रकृतीने नाजूक होता. त्याला लहानपणापासून फेफऱ्याचा विकार होता आणि त्या दुखण्याने आयुष्यभर त्याची पाठ सोडली नाही. शाळेतही त्याचे मन रमले नाही. चित्रे काढण्याचा नाद मात्र लागला होता.

अशा मुलाचे पुढे काय होणार, ही काळजी वडिलांना पडली. त्या काळच्या बापाने जे करावे तेच त्यांनी केले. मुलगा चौदा वर्षांचा असताना त्यांनी त्याला एक किराणा दुकान थाटून दिले. मुलगा दुकानात बसू लागला, पण गल्ल्याकडे त्याचे लक्ष नव्हते. गिऱ्हाईक यावे, ताटकळावे आणि निघून जावे, आणि मालकाने आत चित्र काढीत बसावे, असा प्रकार सुरू झाला. थोड्याच दिवसांत दुकान बंद झाले.

इथे मी क्षणभर थांबतो. आमचेही किराणा दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर रोज संध्याकाळी मी गल्ल्यावर बसतो. त्यामुळे चरित्रकार ज्या गमतीने ही गोष्ट सांगतात त्या गमतीने ती मला वाचता आली नाही. गिऱ्हाईक एकदा परत गेले की ते पुढच्या दुकानात जाते आणि बहुधा तिकडचेच होते, हे आमचे बाबा मला रोज सांगतात. इनेसच्या वडिलांनी त्या दुकानात भांडवल घातले होते आणि ते बुडाले. तरीही त्यांनी मुलाला दुसऱ्या दुकानात बसवले नाही. त्याला चित्रकला शिकण्याची मोकळीक दिली. कलावंताच्या चरित्रात व्यापारी बाप बहुधा खलनायक म्हणून येतो. या बापाला त्या रांगेत बसवणे मला न्यायाचे वाटत नाही.

पुढे गावोगाव फिरून चित्रे काढणाऱ्या जॉन जेसी बार्कर नावाच्या चित्रकाराकडे त्याने काही धडे घेतले. मग न्यूयॉर्कला नकाशे कोरणाऱ्यांकडे त्याने काम केले. पण ते बारीक, बैठे काम त्याच्या प्रकृतीला मानवले नाही. 1843 च्या सुमारास फ्रान्सहून आलेल्या रेजी जिन्यू या निसर्गचित्रकाराकडे तो काही काळ शिकला. 1844 मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ डिझाइनच्या प्रदर्शनात त्याचे चित्र लागले. तेव्हा त्याचे वय होते एकोणीस.

* * *

त्या काळी अमेरिकेत निसर्गचित्रांना मोठा बहर आला होता. हडसन नदीच्या परिसरावरून ज्यांना नाव मिळाले ते चित्रकार डोंगर, धबधबे, अरण्ये आणि अफाट आकाश भव्य प्रमाणावर रंगवीत होते. पानन्‌पान, दगडन्‌दगड दिसावा असा त्यांचा कटाक्ष असे. नव्या देशाला आपल्या भूमीचा अभिमान वाटत होता आणि तो अभिमान ही चित्रे बोलून दाखवीत होती. इनेस याच वातावरणात वाढला. पण त्याच्या मनाची ओढ पहिल्यापासून निराळी होती. तो युरोपातल्या जुन्या चित्रकारांचे छाप पाहत बसे. निर्मनुष्य अरण्यापेक्षा माणसाचा हात लागलेली जमीन त्याला अधिक प्रिय होती. शेत, कुंपण, पायवाट, गावाबाहेरची गायराने यांत त्याचे मन रमे.

1849 मध्ये त्याचे लग्न झाले, परंतु पत्नी डेलिया काही महिन्यांतच वारली. पुढच्या वर्षी त्याने एलिझाबेथ हार्ट हिच्याशी विवाह केला. या बाईंनी पुढची चव्वेचाळीस वर्षे त्याचा संसार सांभाळला. पैशाचा हिशेब त्याला कधीच जमला नाही. तो त्या ठेवीत. मुलेबाळे, घरभाडी, दुखणी आणि नवऱ्याचा तापट स्वभाव हे सर्व त्यांच्याच वाट्याला आले. अशा बायकांची नावे चित्रांखाली येत नाहीत, म्हणून ते येथे लिहून ठेवतो.

ऑग्डेन हॅगर्टी नावाच्या न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याला या तरुणाचे काम आवडले. हा गृहस्थ लिलावाचा धंदा करी. त्याने खर्च उचलला आणि 1851 मध्ये इनेस पत्नीसह इटलीला गेला. रोममध्ये त्याने सतराव्या शतकातील क्लोद लॉरेनच्या चित्रांचा अभ्यास केला. 1853 मध्ये तो पुन्हा युरोपात गेला, तो फ्रान्समध्ये. पॅरिसजवळच्या बार्बिझाँ या खेड्याच्या परिसरात काही चित्रकार साधी शेते, ओढे आणि झाडे रंगवीत होते. रूसो, कोरो, दोबिन्यी ही त्यांतली मोठी नावे. त्यांची चित्रे भव्य नव्हती, पण त्यांत हवा होती. हवा म्हणजे शब्दशः हवा : झाड आणि पाहणारा यांच्या मधला ओलावा, धूसरपणा, दिवसाच्या त्या प्रहराचा उजेड. इनेसला आपली वाट सापडली.

* * *

परंतु वाट सापडली म्हणून पोट भरत नाही. अमेरिकेत परतल्यावर त्याला एक काम मिळाले, तेच डाव्या पानावरचे चित्र. डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न या नव्या रेल्वे कंपनीला आपल्या मार्गाचे एक चित्र हवे होते. जागा ठरली पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन. मोबदला ठरला 75 डॉलर. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर ही कंपनीची जाहिरात होती. पैसे देणाऱ्याच्या अटीही जाहिरातीच्याच होत्या. कंपनीच्या सगळ्या गाड्या दिसल्या पाहिजेत, इंजिनावर कंपनीची आद्याक्षरे दिसली पाहिजेत, गोल इमारतीकडे जाणारे रूळही भरपूर दिसले पाहिजेत, असा मालकांचा आग्रह होता, असे सांगतात. इनेस चिडला, पण घरी मूल होते आणि पैशाची निकड होती. 1856 च्या सुमारास चित्र पुरे झाले.

गंमत अशी की आज ‘लॅकवाना खोरे’ हे त्याच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे. त्यात तोडलेल्या झाडांचे खुंट आहेत आणि गाडीही आहे. यंत्रयुगाचे स्वागत की अरण्याचा शोक, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. कंपनीला मात्र त्याचे फारसे कौतुक राहिले नाही. चित्र कुठे तरी विकले गेले. पुढे 1891 मध्ये इनेस मेक्सिको सिटीला गेला असता जुन्यापुराण्या वस्तूंच्या एका दुकानात त्याला ते अडगळीत पडलेले दिसले. त्याने आपलेच चित्र थोडे पैसे देऊन परत विकत घेतले. 1945 पासून ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. एखाद्या मालाचे पुस्तकी मूल्य शून्यावर आले, म्हणजे त्याची किंमत संपली असे नव्हे, हे आम्ही वर्गात शिकतो. ते मला या दुकानातल्या गोष्टीवरून खरे कळले.

1860 मध्ये इनेस मॅसॅच्युसेट्समधील मेडफील्ड या लहान गावी राहावयास गेला. तेथे त्याची चित्रे मोकळी होऊ लागली. लवकरच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरीविरुद्ध त्याची मते तीव्र होती. सैन्यात जाण्याचा त्याने प्रयत्न केला, पण प्रकृतीमुळे त्याला नाकारण्यात आले. युद्ध संपले त्या 1865 च्या वर्षी त्याने ‘शांती आणि समृद्धी’ हे नऊ फुटांहून अधिक रुंदीचे चित्र रंगवले. कापणी झालेले शेत, पेंढ्या, वळण घेणारी नदी आणि मावळतीचा सोनेरी उजेड. लढाईचे नाव नाही, सैनिक नाही, झेंडा नाही. तरी चार वर्षांच्या रक्तपातानंतर देशाला काय हवे होते ते त्यात आहे.

* * *

1864 मध्ये तो न्यू जर्सीतील ईगल्सवुड येथे राहावयास आला. तेथे चित्रकार विल्यम पेज याच्या सहवासात त्याला स्वीडनबॉर्गच्या विचारांचा परिचय झाला. इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग हा अठराव्या शतकातील स्वीडिश शास्त्रज्ञ आणि गूढवादी. दृश्य सृष्टीतील प्रत्येक वस्तू ही अदृश्य, आत्मिक जगातील कशाशी तरी जुळलेली आहे, अशी त्याची शिकवण होती. आपल्याकडे संतवाङ्मय वाचणाऱ्याला ही कल्पना फार परकी वाटणार नाही. इनेसला तिने झपाटले. रंगांचा आणि आत्मिक गुणांचा संबंध सांगणारा एक लेखही त्याने 1867 मध्ये लिहिला. चित्रे रंगवताना थकला की तो धर्म आणि तत्त्वज्ञानावर तासन्‌तास बोले, आणि ऐकणारे थकले तरी त्याचे बोलणे थांबत नसे.

या विचाराचा त्याच्या कुंचल्यावर जो परिणाम झाला तो महत्त्वाचा आहे. दिसते ते जर केवळ बाहेरचे रूप असेल, तर पानन्‌पान रंगवून काय साधणार? चित्राने माहिती देऊ नये, उपदेशही करू नये. पाहणाऱ्याच्या मनात एक भाव जागा करावा, असे त्याचे मत झाले. 1878 मध्ये एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने ते स्पष्टपणे मांडले.

1870 ते 1875 ही वर्षे त्याने पुन्हा इटली आणि फ्रान्समध्ये काढली. बॉस्टनचे चित्रविक्रेते त्याला ठराविक पैसे देत आणि त्याची चित्रे घेत. 1873 चे ‘द मंक’ हे चित्र या काळातले. वर छत्रीसारखी पसरलेली पाइन वृक्षांची काळी रांग, मागे पिवळसर आकाश, आणि खाली कुंपणाच्या आत पांढऱ्या वस्त्रातला एक इवलासा साधू. आकाशाचा तो एकच रंग साऱ्या चित्रावर पसरला आहे. लॅकवानाचा इनेस येथे मागे पडला.

* * *

आता ज्या चित्रपद्धतीशी इनेसचे नाव जोडले जाते तिच्याविषयी. तिला इंग्रजीत टोनॅलिझम म्हणतात. मराठीत ‘टोन’ला आपण ‘छटा’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘छाये’ म्हणतात. पण दोन्ही शब्दांनी पुरते समाधान होत नाही. मला जवळची वाटते ती तंबोऱ्याची उपमा. गवई कोणताही राग गावो, मागे षड्ज अखंड वाजत असतो आणि प्रत्येक स्वर त्याच्याशी नाते ठेवूनच उमटतो. या चित्रांत तसेच असते. एक रंग, बहुधा करडा, तपकिरी, निळसर किंवा सोनेरी, हा चित्राचा षड्ज. हिरवे झाड, तांबडी माती, निळे पाणी हे सारे त्या एका रंगात भिजून येतात. झळझळीत दुपार अशा चित्रांत क्वचितच सापडेल. पहाट, संधिप्रकाश, धुके, पावसानंतरचा काळोखा, चांदणे या त्यांच्या वेळा. कडा मऊ, तपशील थोडा. रंगाचे पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवून आतून उजेड येतो आहे असा भास साधलेला. आकारानेही ही चित्रे सहसा दिवाणखान्यात मावतील एवढीच.

साधारणपणे 1880 पासून 1915 पर्यंत ही पद्धत अमेरिकेत जोरात होती. तिचे दोन उगम मानतात. एक इनेस. दुसरा जेम्स विस्लर, जो लंडनमध्ये टेम्स नदीची रात्रीची चित्रे रंगवी आणि त्यांना संगीतातली नावे देई. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. विस्लरला कला कलेसाठी हवी होती. इनेसला तिच्यातून ईश्वराकडे जावयाचे होते. पण दोघांच्याही धुक्याने पुढच्या पिढीवर सारखीच मोहिनी घातली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंधूक चित्र म्हटले की आपण चटकन इम्प्रेशनिझमचे नाव घेतो. इनेसला ते मुळीच खपत नसे. कोणी त्याला त्या पंथात बसवले की तो संतापे. इम्प्रेशनिस्ट चित्रकार उघड्यावर बसून डोळ्याला त्या क्षणी जे दिसते ते शुद्ध, तेजस्वी रंगांत टिपीत. इनेस उतारवयात बहुतेक आपल्या चित्रशाळेत, आठवणीतून रंगवी. त्याला क्षण नको होता. क्षण सरल्यावर मनात जे उरते ते हवे होते.

1878 पासून तो न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे राहू लागला आणि 1885 मध्ये तेथेच कायमचा स्थिरावला. तेथील सामान्य शेते, सफरचंदाची झाडे, कुंपणे यांतून त्याची शेवटच्या काळातील उत्कृष्ट चित्रे निघाली. तासन्‌तास उभा राहून तो काम करी. रंगवलेले पुसे, पुन्हा रंगवी. सकाळचे चित्र संध्याकाळी दुसरेच होई. विकल्या गेलेल्या चित्रावरसुद्धा त्याचा कुंचला पुन्हा फिरे, आणि घेणारा बिचारा हवालदिल होई. आमच्या धंद्याच्या दृष्टीने हा गुन्हाच. पण त्याच्या लेखी चित्र कधी पुरे होतच नसे.

वयाच्या साठीजवळ त्याला स्थैर्य आले, आणि तेही एका व्यापाऱ्यामुळे. थॉमस क्लार्क हा न्यूयॉर्कचा लेस आणि लिननचा व्यापारी अमेरिकन चित्रे जमवीत असे. त्याने इनेसची चित्रे घेतली आणि इतरांना घ्यावयास लावली. 1884 मध्ये न्यूयॉर्कला इनेसच्या चित्रांचे मोठे स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि त्याची कीर्ती पक्की झाली. 1889 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. हिवाळ्यात तो फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्ज येथे जाई. फ्लोरिडाच्या दलदलीनेच त्याला 1893 चे ते बगळ्याचे चित्र दिले, ज्याने मला ग्रंथालयात थांबवले. ‘द होम ऑफ द हेरॉन’ हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

1894 च्या उन्हाळ्यात तो पत्नीसह स्कॉटलंडला गेला. 3 ऑगस्ट रोजी ब्रिज ऑफ ॲलन या गावी तो सूर्यास्त पाहत होता. सूर्य मावळताना त्याने दोन्ही हात वर केले, त्या सौंदर्याला मोठ्याने दाद दिली आणि तो खाली कोसळला. थोड्याच वेळात त्याचे प्राण गेले. त्याचा मुलगा, तोही चित्रकार, याने वडिलांच्या चरित्रात ही हकीकत लिहून ठेवली आहे. इनेसचे वय होते एकोणसत्तर. न्यूयॉर्कच्या ज्या ॲकॅडमीत त्याचे पहिले चित्र लागले होते, तेथेच अंत्यविधी झाला.

* * *

मागे राहिलेली दोनशेहून अधिक चित्रे 1895 मध्ये लिलावात गेली. 1899 मध्ये क्लार्कने आपला संग्रह विकला तेव्हा इनेसच्या एका चित्राला दहा हजार डॉलरांच्या वर किंमत आली. ज्याने 75 डॉलरसाठी रेल्वेचे रूळ मोजून रंगवले, त्याच माणसाचे हे चित्र.

पण खरा वारसा पैशाचा नव्हे. अलेक्झांडर वायंट नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने 1857 मध्ये सिनसिनाटी येथे इनेसची चित्रे पाहिली आणि केवळ त्याला भेटण्यासाठी त्याने न्यूयॉर्कपर्यंतचा प्रवास केला. पुढे अर्धांगवायूने उजवा हात गेला, तेव्हा वायंटने डाव्या हाताने रंगवण्यास सुरुवात केली आणि त्याची उत्तम छटाचित्रे त्या हाताने काढली. चार्ल्स वॉरेन ईटन दिवसा कापडाच्या दुकानात कारकुनी करून चित्रकला शिकला. इनेसच्या सहवासात तो घडला आणि माँटक्लेअरजवळच राहावयास गेला. पाइन वृक्षांची त्याची सायंकाळची चित्रे प्रसिद्ध आहेत. 1891 मध्ये इनेस कॅलिफोर्नियात विल्यम कीथकडे गेला आणि दोघांनी एकत्र काम केले. कीथही स्वीडनबॉर्गचा अनुयायी होता. त्याच्याद्वारे ही पद्धत पॅसिफिकच्या किनाऱ्यावर रुजली. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत कीथची असंख्य चित्रे जळाली; साठी ओलांडलेल्या कीथने पुन्हा कुंचला उचलला.

ड्वाइट ट्रायॉन, हेन्री वॉर्ड रेंजर, जॉन ट्वॉक्टमन अशी आणखीही नावे घेता येतील. चित्रकलेपुरताच हा प्रभाव राहिला नाही. कॅमेरा हाती घेतलेल्या तरुणांनीही धुके, संधिप्रकाश आणि मऊ कडा आपल्या छायाचित्रांत आणल्या. एडवर्ड स्टायकेनचे 1904 मधील ‘तळे – चांदणे’ हे छायाचित्र पाहिले तर ते रंगवलेले चित्र वाटते. 2006 मध्ये त्याची एक प्रत एकोणतीस लाख डॉलरांना विकली गेली.

मग काळ उलटला. 1913 मध्ये न्यूयॉर्कला आधुनिक चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, पिकासो आणि मातीस यांची चित्रे अमेरिकेने पाहिली, आणि धुक्यातली शांत चित्रे एकदम जुनाट ठरली. अनेक वर्षे ती तळघरांत पडून राहिली. 1972 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे या पद्धतीच्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा अभ्यासकांचे लक्ष पुन्हा तिकडे वळले. 1985 मध्ये इनेसच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. मूर्त आणि अमूर्त यांच्या सीमेवर उभी असलेली त्याची शेवटची चित्रे आजच्या चित्रकारांना पुन्हा जवळची वाटू लागली आहेत.

* * *

लेख संपवताना त्या दुकानाकडे पुन्हा वळावेसे वाटते. ही गोष्ट वाचून दुकान सोडावे आणि कुंचला उचलावा, असे तात्पर्य कोणी काढील, तर ते माझे नव्हे. इनेसला मोकळीक दिली ती किराण्याच्या व्यापाऱ्याने. त्याला इटली दाखवली ती लिलाव करणाऱ्याने, आणि उतारवयात स्थैर्य दिले ते लिननच्या व्यापाऱ्याने. त्याच्या घरचा हिशेब त्याच्या पत्नीने ठेवला. गल्ल्यावर बसलेल्या या माणसांना चित्रे काढता येत नव्हती. पण समोर काय आहे ते त्यांना दिसले. तेवढी नजर आम्हां वाणिज्यवाल्यांना आली तरी पुष्कळ झाले.

हल्ली संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी, गिऱ्हाईक नसले म्हणजे, मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहतो. आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात त्या वेळी समोरची गल्ली, कौले, विजेच्या तारा, भिजलेली सायकल, सारे एकाच करड्या रंगात बुडून गेलेले असते. लहानपणापासून मी हे पाहत आलो आहे. पण त्या करड्या रंगात इतके रंग आहेत, हे मला आताशा दिसू लागले आहे. मग बाबा आतून हाक मारतात, आणि मी परत गल्ल्यावर येऊन बसतो.